जोड

उद्यमनगरात, लेथच्या शेडमागं,
बाभळीच्या सावलीत उभी केलेली पिकअप
धुऊन आणलेली होती. टायरलासुद्धा पॉलिश.
एवढी धुतलेली गाडी दिसली की मी आधी खाली वाकतो.

राजमती चौगुले चप्पल काढून हौद्यात चढली.
तिचा धंदा बर्फाचा. लग्नाचे हॉल, मासळी, रसवंत्या.
लाद्या वितळतात, पाणी पत्र्यात जिरतं,
पत्रा कधी खाल्ला गेला ते भुसा उचलल्यावरच कळतं.
टाच आपटत ती केबिनपासून फाळक्यापर्यंत चालली.
दोन ठिकाणी थांबली. तिथं आवाज भद्द होता.
काही बोलली नाही.

शामगोंडा म्हणाला, "एकहाती गाडी. ऊस कधी भरला नाही."
दोर बांधायच्या कड्या मात्र घासून चांदीच्या झालेल्या.
"एक्याऐंशी हजार फिरलीय."
क्लचचं पेडल इतकं गुळगुळीत,
घर गगनबावड्याच्या घाटात असलं तरी
एवढ्या किलोमीटरात कुणी इतकं दाबत नाही.

इंजिन गार असतानाच चालू करायला लावलं.
गरम करून ठेवलेलं इंजिन गोड बोलतं.
पहिला धूर निळसर, मग पांढरा, मग नुसती थरथरती हवा.
कांडीवरचं ऑइल बोटांत चोळलं: चुरा नव्हता.
झाकण काढून तळवा धरला.
आतून श्वास लागला हाताला, दमेकऱ्याचा नव्हे,
जिना चढून आलेल्या माणसाचा.

मग पोतं अंथरून आत शिरलो.
चासीवर पान्यानं टकटक केली
आणि पोकळीतून बारीक, सुकी, काळी माती
माझ्या गालावर पडली.
रस्त्याची धूळ बाहेरून बसते. ही आतून आली.
पंचगंगेनं ठेवायला दिलेली.

टॉर्च सरकवला. डावीकडं, मागच्या पाट्याच्या ब्रॅकेटजवळ
एक वेल्डिंग.
शेवटाला वाकडं वळण, स्वल्पविरामासारखं.
अंगठा प्रेसमध्ये गेल्यापासून
माझा प्रत्येक जोड असाच संपतो.

पूर ओसरल्यावरचे ते पंधरा दिवस.
शेडबाहेर गाड्यांची रांग, चिखलानं फुगलेल्या सीटा उन्हात,
जनरेटरवर काम, गाडी कुणाची ते विचारायचं नाही.
कुणी पैसे दिले, कुणी नुसता चहा पाजला.
ही गाडी मला आठवत नाही.
टायरवर बसलेला एक माणूस आठवतो,
गाडीची चारी दारं उघडी, आणि हा किल्ली मुठीत गच्च धरून.
तो शामगोंडा नव्हता. कोण होता कुणास ठाऊक.

त्या जोडावर बराच वेळ बोट फिरवत राहिलो.
रंग उडाला होता, भेग नव्हती.
बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली.
चाकापलीकडं राजमतीची अनवाणी पावलं आली.
"मामा, झोपलासा का काय?"

बाहेर येऊन सगळं सांगितलं.
मातीचं, वायरिंगचं, मीटर मागं फिरवला असणार ते,
आणि शेवटी जोडाचं. कुणाचा, तेही.
शामगोंडा बाभळीकडं बघायला लागला.
"मलाबी कुणी सांगितलं नव्हतं," म्हणाला.
खरं असेल.

राजमती साठ हजार उतरवायला निघाली.
तो पंधरावर अडला. चहा आला. चहा संपला.
बत्तीसला दोघंही एकमेकांकडं न बघता "बरं" म्हणाले.

मी तिला बाजूला घेतलं. "पोरी, दुसरी बघू की. शिरोलीत एक आहे."
"तीन बघितलो की मी," ती चप्पल शोधत म्हणाली.
"त्यांचे जोड कुणी मारल्यात, म्हाईत न्हाई. ह्याचं म्हाईत हाय.
रविवारी पत्रा बदलायला आणतो.
आणि ते तुमचं तुटलं, तर गाडी तुमच्या दारात."

मी पोतं झटकलं.
म्हणालो, रिव्हर्स घेताना क्लच जरा हळू सोड.